गोवेंट गुरुजी

किशनराव गुरुजींच्या अंगणात क्रियापद बसून शिकता यायचं नाही. 'जंप' आलं की उडी मारायची. 'क्लाइंब' आलं की कडुनिंबाच्या निदान पहिल्या फांदीपर्यंत चढायचं. आणि ज्या दिवशी 'स्वीप' असेल त्या दिवशी काकूंना अंगण झाडावं लागायचं नाही. काकू म्हणजे गुरुजींच्या पत्नी. त्या दारातून म्हणायच्या, "हप्त्यातून दोनदा घ्या की ते स्वीप. पक्कं होऊ द्या लेकरांचं."

सेनगावात आमची आणि त्यांची भिंत एक. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण सकाळी सात वाजता त्यांच्या अंगणात पंधरा-वीस पोरं जमायचीच. फी नव्हती. अट होती ती एवढीच, की चपला भिंतीशी ओळीत आणि वह्या घरी.

"वही हातात असली की लेकरू लिहून घेतं अन् मोकळं होतं," ते म्हणायचे. "मंग क्रियापद वहीत राहतं. लेकरात येत न्हाई."

उंच, सडसडीत माणूस. पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, थंडी असो नसो गळ्यात मफलर, आणि खिशात गोळ्यांच्या रिकाम्या डबीत खडूचे तुकडे. जे काही करायचे ते करताना त्याची तिन्ही रूपं पुटपुटायची त्यांना सवय होती. चप्पल पायात सरकवताना 'वेअर, वोअर, वॉर्न'. कुलूप उघडताना 'ओपन, ओपन्ड, ओपन्ड'. बाजारात पोरं लांबून हाळी द्यायची, "गुर्जी, गो?" आणि ते मान न वळवता "वेंट, गॉन" म्हणत पुढे जायचे. कितीही घाईत असले तरी उत्तर चुकवायचे नाहीत. त्यामुळे सगळा तालुका त्यांना गोवेंट गुरुजी म्हणायचा. एसटीचे कंडक्टरसुद्धा म्हणायचे, "गोवेंट गुर्जी, सरका जरा मधी."

माझं शिक्षण हिंगोलीला आत्याकडे राहून इंग्रजी शाळेत झालं. तिथे वर्गात मराठी शब्द तोंडातून गेला की उभं राहावं लागायचं, आणि इंग्रजी चुकलं की सगळे हसायचे. मी दोन्ही भाषांत गप्प राहायला शिकले. पदवी घेऊन घरी आले, परीक्षांचे अर्ज भरत बसले, तेव्हा आईने एक दिवस भिंतीवरून गुरुजींना सांगितलं, "हिला इंग्रजी येतं हो सगळं. पण तोंडच उघडत नाही."

"मंग येऊ द्या हिकडं," गुरुजी म्हणाले. "माझं तोंड बंद होत न्हाई, पण इंग्रजी कमी पडतं. दोघं मिळून एक मास्तर होईन."

पहिल्या दिवशी मी कोपऱ्यात अंग चोरून बसले होते. गुरुजींनी सरळ विचारलं, "मॅडम, क्रियापद म्हंजे काय, सांगा पोरांना."

शाळेत या व्याख्येला मला कायम पूर्ण गुण. मी खाली बघत म्हटलं, "क्रिया दाखवणारा शब्द."

"दाखवणारा? मंग दाखवा."

वीस पोरं माझ्याकडे बघत होती. मी उठले, फाटकापर्यंत गेले आणि चप्पल घालायच्या आधीच परत आले. खरं म्हणजे मी घरी पळून चालले होते.

गुरुजी एकदम खूश. "पाहा रे! गो अन् कम. एका फेऱ्यात दोन."

मी त्यानंतर रोज गेले.

पळायची, खायची, झाडायची क्रियापदं ठीक. पण 'ॲम', 'इज', 'आर' यांचं ते काय करणार, याची मला उत्सुकता होती. आमच्या शाळेत त्यांचा तक्ता होता, तो पाठ केला की झालं. गुरुजींनी त्या दिवशी सगळ्यांना मांडी घालून बसवलं. म्हणाले, "आता काही करायचं न्हाई. बोलायचं न्हाई, हलायचं न्हाई, नाक खाजवायचं न्हाई. नुसतं असायचं. हे 'ॲम'."

एक मिनिट अंगणात कुणी हललं नाही. कडुनिंबावरच्या साळुंक्या ऐकू येत होत्या. मग एक पोरगं हसलं आणि सगळं फुटलं. पोरांना विचारलं तर बहुतेकांचं म्हणणं पडलं, की आजवरच्या क्रियापदांत हे सगळ्यांत अवघड. मला मात्र ते फार सोपं गेलं. गुरुजींनी ते पाहिलं होतं. पोरं गेल्यावर ते म्हणाले, "मॅडम, तुझं सगळं 'ॲम'वरच चालू हाय. बराबर का?" मी हसले. "चांगलं क्रियापद हाय ते," ते म्हणाले. "पण एकट्या त्याच्यावर वाक्य लय लांब जात न्हाई, माय."

पोरांच्या वह्या घरी ठेवायला लावणाऱ्या गुरुजींची स्वतःची एक वही होती. खाकी कव्हर घातलेली, लांबट. तिच्यात क्रियापदांची यादी, आणि प्रत्येकापुढे खूण म्हणजे ते क्रियापद त्यांनी आयुष्यात एकदा तरी केलेलं. खूण नसेल ते शिकवायचं नाही, असा त्यांचा नियम. मला पहिल्यांदा वही दाखवली तेव्हा मी 'फ्लाय'पुढे पेन्सिलची फिकट खूण पाहिली.

"पतंग उडवला होता," ते म्हणाले. "पण उडला पतंग. मी न्हाई. म्हणून पेन्सिल."

'स्विम'पुढे काहीच नव्हतं.

"एकदा विहिरीत उतरलो होतो शिकायला. पोरांनी दोर टाकून वर काढलं. ते 'सिंक' होतं. तिथं खूण हाय, पाहा."

खरंच होती. शाईची.

या वहीला जाब विचारणारं पहिलं माणूस म्हणजे गंगासागर. पाचवीत होती. लाल रिबिनीच्या दोन वेण्या, त्यांत एखादं तरी गवताचं कुसळ. तिचे वडील बळीरामभाऊ मेंढ्या-शेळ्या पाळायचे आणि गावाबाहेर माळाच्या कडेला राहायचे. ती कमी बोलायची, पण माझ्यासारखी घाबरून नव्हे. बोलायचं असलं की सरळ बोलायची.

एका सकाळी 'कुक' चालू होतं. पोरं हवेत फोडण्या देत होती. गंगासागर उभी राहिली. "गुर्जी, तुमच्या वहीत 'कुक'पुढं खूण हाय का?"

"हाय की," गुरुजी म्हणाले.

दारातून काकूंचा आवाज आला. "कवा केली म्हणे ती खूण?"

"चहा केला होता की मी."

"चहा म्हंजे कुक व्हय? अन् तो बी मी तापानं पडले तवा. साखर इसरून."

पोरं हसायला लागली. गुरुजींनी खिशातून पेन काढलं, ती खूण सर्वांसमक्ष खोडली आणि म्हणाले, "उद्या सातला या. उपाशीपोटी."

दुसऱ्या दिवशी अंगणात तीन विटांची चूल होती आणि गुरुजी परातीत ज्वारीचं पीठ मळत होते. मफलर डोक्याला बांधला होता. पहिली भाकरी परातीतच फाटली. दुसरी तव्यावर टाकताना अर्धी बाहेर राहिली. तिसरी उलटताना तिचे चार तुकडे झाले. काकू पाटावर बसून, गालाला हात लावून बघत होत्या.

"हे काय करून राहिलात?"

"भाकर."

"व्हय? मला वाटलं आज ब्रेक, ब्रोक, ब्रोकन घेऊन राहिलात."

चाळीस वर्षं ऐकून काकूंना सगळी रूपं येत होती, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. गुरुजींनासुद्धा. ते हातातलं पीठ तसंच ठेवून काकूंकडे बघत राहिले. सहावी भाकरी अखंड उतरली. ती त्यांनी कोणालाही न देता काकूंच्या हातावर ठेवली. काकूंनी तुकडा मोडून तोंडात टाकला. "कच्ची हाय," म्हणाल्या, आणि कोरडीच सगळी खाल्ली. मग गुरुजींनी वहीत खूण केली. गंगासागरने खात्री करायला वाकून पाहिली.

दिवाळी झाली, सोयाबीन निघालं, रानं मोकळी व्हायला लागली की बळीरामभाऊंचं कुटुंब मेंढ्या घेऊन बाहेर पडायचं. शेतकरी त्यांना आपल्या रिकाम्या रानात मेंढ्या बसवायला बोलावतात, लेंड्यांचं खत मिळतं म्हणून. एका रानात सात-आठ दिवस, मग पुढचं रान. घोडीच्या पाठीवर बिऱ्हाड. मोठी माणसं दिवसभर मेंढ्या चारायला लांब जातात, आणि दूध पिणारी कोकरं मुक्कामावर लेकरांच्या ताब्यात राहतात. म्हणजे गंगासागरच्या. शाळा तेवढे महिने सुटायची. तिची मोठी बहीण अशीच पाचवीनंतर परत शाळेत गेली नाही.

गुरुजींनी यावर एक रीत काढली होती. निघताना ते गंगासागरला सांगायचे, "दर मुक्कामाला तिथलं काय केलं ते इंग्रजीत कळवायचं. केलं तेच. मनचं न्हाई." तिची आई कौसाबाई हिच्या फोनवरून ती बोलून पाठवायची. सकाळी शिकवणीच्या आधी गुरुजी तो आवाज सगळ्यांना ऐकवायचे. मागे मेंढ्यांचा गलका, आणि त्यातून खणखणीत आवाज यायचा, "गुर्जी, मुक्काम तिसरा. टुडे वी क्रॉस्ड द रिव्हर. वन लँब फेल डाऊन. आय पुल्ड हिम." पोरं टाळ्या वाजवायची. मग गुरुजी घराच्या भिंतीवर खडूने पुढचा ठिपका काढायचे आणि त्याच्याखाली क्रियापदं लिहायचे. क्रॉस, फॉल, पुल. गंगासागरची वाट अशी भिंतीवर पुढे पुढे चालली होती. काकू म्हणायच्या, दिवाळीला दिलेला चुना वाया गेला. पण भिंती झाडताना त्या तेवढी भिंत सोडून द्यायच्या.

त्या वर्षी गुरुजींनी तिचा हिंगोलीच्या एका निवासी शाळेचा प्रवेश-अर्ज भरला होता. निवड झाली तर दहावीपर्यंत राहणं-शिकणं तिथेच. मेंढ्या कुठेही जावोत, गंगासागरची शाळा जागेवर. त्यासाठी फेब्रुवारीतल्या एका शनिवारी परीक्षा होती. बळीरामभाऊ विचार करून म्हणाले होते, "एक दिवस देतो, गुर्जी. लागली नंबरात तर लागली. न्हाई लागली तर तिच्या मायला हाताखाली होईन. त्याच्या पुढं मला काही म्हणायचं न्हाई." गुरुजींनी मान डोलावली होती. हा एकच दिवस होता, आणि तो दुसऱ्यांदा मिळणार नव्हता.

परीक्षेला नऊ दिवस राहिले आणि कौसाबाईंचा फोन बंद झाला.

गुरुजी दर तासाला फोन लावायचे. आधी शांतपणे, मग उभं राहून, मग गच्चीवर जाऊन. "गच्चीवरून लागतो व्हय बंद फोन," काकू खालून विचारायच्या, पण त्याही जेवायच्या आधी एकदा स्वतः लावून बघायच्या. शुक्रवार उजाडला. परीक्षा उद्यावर. गंगासागरचं प्रवेशपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गुरुजींच्या खिशात होतं, खडूच्या डबीशेजारी.

त्या सकाळी शिकवणी झाली नाही. गुरुजींनी तिचा शेवटचा निरोप सगळ्यांना पुन्हा ऐकवला. "गुर्जी, मुक्काम अकरावा. वी क्रॉस्ड द बिग रोड. ऑल ट्रक्स स्टॉप्ड. पीपल आर डिगिंग. दे आर बॉइलिंग. स्मोक इज कमिंग इन माय आइज."

गुरुजी भिंतीसमोर उभे राहिले. "क्रॉस. मोठा रस्ता. स्टॉप. ट्रका थांबत्यात. बॉइल. चहा उकळून राहिलाय, धूर होऊन राहिलाय." ते वळले. चेहरा उजळला होता. "धाबे. कनेरगाव नाका!"

"अन् डिगिंग, गुर्जी?" एका पोराने विचारलं.

"रस्त्याचं काम चालू असंन."

मी कोपऱ्यात उभी होते. शाळेत असताना एका मैत्रिणीच्या शेतावर गेले होते, वारंगा फाट्याच्या बाजूला. या दिवसांत तिकडे हळद खणतात आणि रानातच मोठाल्या कढयांत शिजवतात. धूर डोळ्यांत जातो, ओढणीला तो वास आठवडाभर राहतो. खणणं, उकळणं, धूर. मला निरोप ऐकल्याबरोबर कळलं होतं. पण वीस पोरं गुरुजींकडे बघत होती, आणि गुरुजी इतके आनंदात होते. मी मनात म्हटलं, त्यांना जास्त माहीत असणार.

मी स्कूटी काढली. गुरुजी मागे बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर. दर गतिरोधकाला मागून 'जंप, जंप्ड' ऐकू यायचं. कनेरगाव नाक्याला पोचलो तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. गुरुजींनी चार धाब्यांवर चौकशी केली. चौथ्या धाब्याचा मालक म्हणाला, "मेंढरं? म्हैनाभरात शेपूट दिसलं न्हाई, गुर्जी. बसा, चहा घ्या."

आम्ही बाकावर बसलो. गुरुजींनी चहाचा ग्लास धरला होता, पण पीत नव्हते. तिन्ही रूपं म्हणत नव्हते. मला ते बघवेना.

"सर," मी म्हटलं. "हळद असेल."

"काय?"

"ती खणतात, उकळतात म्हणाली ना. हळद. वारंगा फाट्याकडे."

ते माझ्याकडे वळले. "हे कवापासून माहीत हाय तुला?"

"सकाळपासून."

"मंग सांगितलं काहून न्हाई?"

मला वाटलं आता रागावतील. रागवायलाच हवं होतं, अर्धा दिवस गेला होता. गुरुजींनी ग्लास खाली ठेवला आणि हसायला लागले. खोकला लागेपर्यंत हसले. धाब्याचा मालक बघायला आला.

"पाहा," ते त्याला म्हणाले, "हिला सगळं माहीत, पण बोलत न्हाई. मला काही माहीत न्हाई, पण थांबत न्हाई. असे दोन मास्तर त्या लेकराच्या वाट्याला आले." मग माझ्याकडे वळून हळू म्हणाले, "आता तू बी एक वही कर, माय. 'स्पीक'पुढं पहिली खूण. शाईनं."

वारंगा तिथून पार दुसऱ्या टोकाला, अंधारात मुक्काम सापडला नसता, म्हणून शनिवारी पहाटे पाचला निघालो. काकूंनी डबा दिला आणि गुरुजींचा मफलर स्वतः बांधला. "लेकरू भेटल्याबिगर येऊ नका," म्हणाल्या. हिंगोली ओलांडून वारंगा फाट्याला पोचलो तेव्हा दुकानं उघडत होती. एका टायरवाल्याने हात लांबवून सांगितलं, "कालव्याच्या अंगानं जा. हळदीचं रान हाय, तिथं घोडी बांधलेली दिसंन."

दिसली. घोडी, मग दोऱ्यांच्या जाळीचं कुंपण, त्यात कोकरं. बळीरामभाऊ आणि कौसाबाई मेंढ्या बाहेर काढत होते. आणि जाळीच्या आत, कोकरांच्या मधोमध, गंगासागर शाळेच्या गणवेशात बसली होती. वेण्या घट्ट, रिबिनी धुतलेल्या. मांडीवर पेन्सिल आणि खोडरबर.

बळीरामभाऊंनी कपाळाला हात लावला. "आज शनिवार हाय व्हय, गुर्जी? मोबाईल कालव्यात पडला अन् वारच कळंना. मी म्हणून राहिलो आज शुक्रवार."

"मी म्हणलं होतं बा," गंगासागर म्हणाली. "तू ऐकलंच न्हाई."

"अगं पण आता कसं जमंन?" बळीरामभाऊंचा आवाज पडला होता. "मेंढरं रात्रीपासून अडकून हायेत. आमाला दोघांला बी जावं लागतंय त्यांच्या मागं, लांब. कोकरं कोण पाहील? कालवा हाय, कुत्रे हायेत. एक गेलं तरी..."

गंगासागर उठून उभी राहिली होती. आता ती पेन्सिल मुठीत धरून बापाकडे बघत होती.

"मी पाहतो की," गुरुजी म्हणाले.

कौसाबाई म्हणाल्या, "तुमी? गुर्जी, तकलीफ होईन तुमाला."

"काहून? चाळीस वर्षं लेकरं हाकली. ही जरा लहान हायेत इतकंच." त्यांनी चपला काढून जाळीशी ओळीत ठेवल्या, प्रवेशपत्राची पिशवी खिशातून काढून माझ्या हातात दिली आणि जाळी ओलांडून आत गेले. बळीरामभाऊंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग आपल्या हातातली काठी जाळीवरून त्यांना दिली. तीच परवानगी.

गंगासागरने घाईघाईने सूचना दिल्या. "तो पांढऱ्या कपाळाचा लय पळतो. पाणी दुपारी दाखवा. शेवरीचा पाला तिथं ठेवलाय. अन् गुर्जी, आवाज चढवून बोलू नका, भितात ते."

"समजलं," गुरुजी म्हणाले. तिच्यासमोर असे आज्ञाधारक उभे राहिलेले मी त्यांना त्याच दिवशी पाहिले. मी स्कूटी वळवली. आरशात बघितलं, तर पांढऱ्या कपाळाचं कोकरू जाळीखालून बाहेर आलं होतं आणि गुरुजी त्याला हात वर करून "स्टॉप, स्टॉप" म्हणत होते. ते इंग्रजी शिकलेलं नव्हतं.

हिंगोलीला केंद्रावर पोचलो तेव्हा फाटक लावत होते. शिपाई म्हणाला, वेळ झाली. मी त्याच्याशी बोलले. काय बोलले ते सांगण्यासारखं नाही, पण आवाज बराच मोठा होता, आणि गंगासागर नंतर म्हणाली, "दीदी, तुमी तर बाच्या वरताण." तिला आत घेतलं. पेपर सुटेपर्यंत मी बाहेर उभी होते. बसायचं सुचलं नाही.

निकालाचं इथेच सांगून टाकते. गंगासागरची निवड झाली. आता ती सातवीत आहे, आणि सुट्टीत मुक्कामावर जाते तेव्हा भिंतीवर पुढचा ठिपका पडतो. मला त्या परीक्षेनंतर महिन्याभरात छत्रपती संभाजीनगरला नोकरी लागली. गावी गेले की गुरुजी भेटतात, भिंतीवरून, अंगणातून, घाईघाईत. पण त्यांची आठवण काढली की मला दिसतात ते त्या शनिवारच्या संध्याकाळचे गुरुजी.

आम्ही परत आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. गुरुजी जाळीला टेकून बसले होते. पांढरा शर्ट हळदीच्या मातीने पिवळा झाला होता, मफलरची एक बाजू चावून चावून ओली केलेली. मांडीवर पांढऱ्या कपाळाचं कोकरू झोपलं होतं. पेपर कसा गेला, हे त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "काय काय केलंस?"

"गुर्जी, आय रेड. आय थॉट. आय रोट." ती थांबली. "अँड आय फिनिश्ड."

गुरुजींनी डोळे मिटले आणि मान डोलावली.

तेवढ्यात मेंढ्या परत आल्या. बळीरामभाऊंनी जाळी उघडली. ही वेळ मी पहिल्यांदाच पाहत होते. सगळी कोकरं एकदम सुटली, आणि त्या गलक्यात प्रत्येक कोकरू बरोबर आपापल्या आईला जाऊन भिडलं. एकही चुकलं नाही. बघता बघता सगळा आरडाओरडा थांबला, नुसता दूध ओढल्याचा आवाज राहिला. आणि मधल्या मोकळ्या जागेत एक काळं कोकरू एकटंच उभं राहून ओरडत होतं. त्याची आई तिथे नव्हतीच.

बळीरामभाऊ वाकले, कानावरची खूण पाहायला त्याचा कान उलटला. "गुर्जी, हे आपलं न्हाई."

"न्हाई कसं? मी सकाळपासून सांभाळून राहिलोय त्याला. दोनदा कालव्याकडून आणलं. लय हट्टी हाय."

"ते कालव्याकडं जात होतं, कारण त्याचं घर तिकडं हाय. पलीकडं दुसऱ्या मेंढरांचा वाडा हाय, तिथलं हाय ते."

कौसाबाईंनी तोंडाला पदर लावला. गंगासागरला हसू आवरेना. "गुर्जी, तुमी दुसऱ्याचं लेकरू पळवून आणलं."

"पळवलं न्हाई," गुरुजी गंभीरपणे म्हणाले. "प्रवेश दिला." मग उठले, गुडघे धरून, हळूहळू. बळीरामभाऊ म्हणाले, राहू द्या, मी पोचवतो. पण गुरुजी ऐकेनात. "मी आणलं, मीच पोचवतो. तिकडं माय वाट पाहत असंन त्याची."

त्यांनी ते कोकरू खांद्यावर घेतलं, मानेमागून, चारी पाय पुढे धरून, जसं मेंढपाळांना कधीतरी करताना पाहिलं असेल तसं. आणि कालव्याच्या बांधावरून निघाले. मागे रानात ठिकठिकाणी हळदीच्या कढयांचा धूर वर जात होता. कोकरू त्यांच्या कानाशी ओरडत होतं आणि पलीकडून एक मेंढी त्याला ओ देत होती.

गंगासागर बांधाच्या टोकापर्यंत पळत गेली आणि तिने हाळी दिली, "गुर्जी, कॅरी?"

मान वळवायला जागाच नव्हती. "कॅरीड," ते चालता चालता म्हणाले, "कॅरीड."